कासराभर सूर्य आणि दोन दशम्या

बास्केटबॉल मला कुणी शिकवला नाही बघा. मी मूळची खो-खोची. सांगलीच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस हवं म्हणून मला पाठवायला लागले, आणि बाकावर बसून बघता बघता मी सहायक प्रशिक्षक झाले. म्हणजे काय, तर खेळ मुख्य प्रशिक्षक सरांचा आणि बाकी सगळं माझं. पाण्याच्या बाटल्या माझ्या, मुरगळलेले घोटे माझे, मुलींचे रुसवे माझे, आणि घरच्यांना दिलेले शब्दही माझेच.

असाच एक शब्द मी कवठे महांकाळकडच्या एका आजींना दिला होता. त्यांची नात आमची सगळ्यात चपळ खेळाडू. घर जैन शेतकऱ्याचं, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही हा नेम. आजी म्हणाल्या, "आवं मॅडम, खेळू दे की, मी कुठं न्हाई म्हंते? पण मावळल्यावर तोंडात घास न्हाई, आन् पोरगी उपाशी झोपायची बी न्हाई. एकदा जरी चुकलं तर खेळ बंद."

मी म्हटलं, "माझ्यावर सोडा."

आणि आला साताऱ्याचा अंतिम सामना. वेळ चारची. पाहुणे उगवले पावणेपाचला. मग शाल, श्रीफळ, मुली रांगेत ताटकळत उभ्या, आणि भाषण काही संपेना. शिट्टी वाजली तेव्हा साडेपाच झाले होते. तरी मी निवांत. कॅलेंडरात बघून ठेवलं होतं, सूर्यास्त सव्वासहाला. मध्यंतरात डबा उघडायचा, दोन दशम्या आणि एक केळं, झालं काम.

पण मी पडले सांगलीची! आमच्याकडे सूर्य उसाच्या फडात सावकाश उतरतो. साताऱ्यात डोंगर उभा आहे, हे माझ्या ध्यानातच नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सूर्य गेला की डोंगराआड. मैदानभर सावली. आजींच्या नातीनं मान वर केली, आणि हातातला चेंडू सरळ समोरच्या संघाला देऊन टाकला. मग पुन्हा एकदा.

मी उठले आणि टाइमआउट मागितला. सहायकाला मागता येतो, पण इतक्या वर्षांत मी कधी मागितला नव्हता.

"टाइमआउट कुणी मागितला?" सर ओरडले.

"मी."

"कशासाठी?"

"सूर्य गेला म्हणून."

सरांनी आधी माझ्याकडं, मग डोंगराकडं बघितलं. तोवर मी फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"आजी, इथं सूर्य डोंगराआड गेलाय. मावळला असं धरायचं का?"

"कोण, मॅडम व्हय? च्या झाला का?"

"आजी, आमच्याकडं एकच मिनिट आहे!"

"थांबा, अंगणात जाते."

चपलांचा आवाज, मग कुठलीशी शेळी ओरडली. घामेजलेल्या सगळ्या मुली फोनभोवती डोकी घालून उभ्या. त्या पोरीचे तर डोळे भरलेले.

"ह्यो काय, कासराभर वर हाय की अजून! डोंगर मधी आला म्हणून दिवस मावळतो व्हय? घाला खायला पोरीला!"

मुलींनी असा गिल्ला केला की समोरच्या संघाला वाटलं, आम्ही जिंकलोच की काय. सरांनी तिला बाकावर बसवलं. "सावकाश चावून खा," म्हणाले, आणि केळं स्वतः सोलून दिलं. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच बघितलं. दशम्या संपल्या आणि मध्यंतरानंतर पोरगी जी सुटली, ती हातात सापडेना.

हरलो आम्ही, तीन गुणांनी. परतीच्या गाडीत पोरीला आजींचा फोन.

"हरलीस? असू दे. जेवलीस न्हवं? मॅडमला दे."

मी जीव मुठीत धरून फोन घेतला.

"मॅडम, तुमचा डोंगराचा अंदाज लय कच्चा हाय बगा. फुडच्या बारीला मला न्या. सूर्याकडं मी बगते, तुमी खेळाकडं बगा."

पुढच्या सामन्याला बाकावर आम्ही तिघं होतो. सर, मी आणि आकाशाकडं तोंड करून बसलेल्या आजी.