समेचा दिवा

भवानीपूरच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि दोन डबे. डबे आमच्या ह्यांनी घरी बनवलेले, विजेवर चालणारे. एकातून तबल्यासारखा ठेका निघायचा, दुसऱ्यातून झांज. बँक सुटली की हे ट्रामने घरी येताना वाटेत एस्प्लनेडला उतरून चांदणीच्या बाजारातून सुटे भाग आणायचे आणि रविवारभर त्यात डोकं घालून बसायचे. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा.

डबे एका लयीत चालवणं ही खरी डोकेदुखी होती. वेगवेगळे सुरू केले की थोड्याच वेळात ठेका एकीकडे, झांज भलतीकडे. शेवटी ह्यांनी दोघांमध्ये एक तार टाकली. पहिल्याचा ठोका तारेतून दुसऱ्याला पोचायचा, तेव्हाच झांज वाजायची.

"याला म्हणतात संसार," मी म्हटलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, मुद्दामच.

मग त्यांनी पहिल्या डब्यावर एक तांबडा दिवा बसवला. समेवर तो लुकलुकायचा.

"कान आहेत की आपल्याला. दिवा कशाला?"

"असू दे," एवढंच म्हणाले.

ते ऑर्गन वाजवायचे, मी गायचे. लग्न झाल्यापासून माझा सूर केसभर हलला तरी त्यांची भुवई वर जायची. त्या वर्षी भुवई जागची हलेना. गाणं सुधारलं म्हणून मी आपली हुरळून गेले.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमचा कार्यक्रम होता. दुसऱ्या भजनात मध्येच ह्यांनी ऑर्गनवरचे हात उचलले. वाकून प्लग हलवला, तार चाचपली.

"बंद पडलं गं," ते म्हणाले, जरा मोठ्यानेच.

डबे वाजत होते. ठेका आणि झांज, दोन्ही, अगदी बरोबर, माझ्या गुडघ्याशी. फक्त दिवा उडाला होता.

लोक हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मी गात राहिले, कारण थांबले असते तर सगळ्यांना कळलं असतं. गाता गाताच त्यांचा हात धरून डब्यावर ठेवला. डब्याची थरथर हाताला लागली तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चांदणीत जाऊन नवा दिवा आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो कागदात गुंडाळून माझ्या हातात परत दिला.

"आता राहू दे. तू गा, मी बघतो."

मी समोर बसून गायले. डोळे कसेबसे कोरडे ठेवले, पण आवाज फाटला, सूर पार घसरला. मी त्यांच्या भुवईकडे बघत होते. ते कौतुकाने मान डोलावत होते.