लोर्नाच्या भाषेत मी काढलेल्या चुका

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता – तिने माझं स्पॅनिशचं प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. आता तुम्हाला सांगायला बसले आहे आणि तेवढ्यात दोनदा उठून चहा ठेवून आले. दुसऱ्यांदा उतू गेला. असो.

सहा वर्षांपूर्वी मी खराडीला भाषांतराच्या एका कंपनीत रिव्ह्यूअर होते. म्हणजे दुसऱ्याने केलेलं भाषांतर वाचायचं, चुका काढायच्या, शेरा मारायचा. माझी भाषा स्पॅनिश. एकदा फिलिपिनो भाषेचं काम आलं – मिक्सर, वॉशिंग मशीन यांची माहितीपत्रकं – आणि तपासायला कोणी मिळेना. आमचे टीम लीड मला म्हणाले, "त्यांच्या भाषेत स्पॅनिश शब्द खच्चून भरलेत म्हणे. जमेल ना तुला?"

मी चाळून पाहिलं. टेबलाला मेसा, खिडकीला बिंताना, चमच्याला कुत्सारा, सोमवारला लुनेस. लग्नाच्या हॉलमध्ये चार ओळखीचे चेहरे दिसावेत तसे ते शब्द दिसत होते. बाकीचं सगळं वऱ्हाड अनोळखी! वाक्य कुठे सुरू होतं, कुठे वळतं, काही कळेना. तरी मी म्हणाले, "हो, वाचता येतं मला."

का म्हणाले? पुण्यात वाढलेल्या माणसाला "मला ठाऊक नाही" म्हणणं फार जड जातं, हे कारण पुरेल का? नाही पुरणार. मला हुशार दिसायचं होतं, बस.

भाषांतर करणारी होती लोर्ना. फिलिपिन्सची. दुबईत नोकरीला असताना नवऱ्याशी ओळख झाली, लग्न करून विश्रांतवाडीला सासरी आली, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मराठी सासूकडून शिकलेली. पहिल्याच भेटीत म्हणाली, "ताई, इथे माझ्या भाषेत बोलायला मोठं माणूस कोणीच नाही हो. हे काम आलं आणि रोज दोन तास मला घरी जाऊन आल्यासारखं वाटतं." मी हसून "अरे वा" म्हणाले.

तिचं पहिलं पत्रक मी एकही खूण न करता परत पाठवलं. टीम लीडनी बोलावलं. "एकही चूक नाही? वाचलंस, की नुसती मान डोलावलीस?" आमच्याकडे रीतच होती तशी – चुका सापडल्या नाहीत तर तपासणारा कामचुकार. मग काय करायचं? तेव्हाच खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

मी चुका काढायला लागले. जिथे स्पॅनिश शब्द माझ्या पुस्तकातल्यासारखा दिसला नाही, तिथे लाल खूण. जिथे वाक्य लांबलं, तिथे 'ओघ नाही' असा शेरा. मला न येणाऱ्या भाषेचा ओघ! एकामागून एक पत्रकं अशी रंगवली. रोज वाटायचं, आज कोणीतरी पकडणार. टीम लीड मात्र खूश.

मग लोर्नाचा मेल आला. मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. तिने लिहिलं होतं – स्पॅनिश लोक येण्याआधी तिच्या भाषेला स्वतःची लिपी होती. त्यांनी आपली अक्षरं आणली, ढिगाने शब्द आणले. पण पुढे तिच्या लोकांनी त्याच अक्षरांतून आपल्या उच्चारांना बसेल अशी वर्णमाला केली आणि स्पॅनिश शब्दही आपल्या जिभेप्रमाणे लिहायला घेतले. "ताई, तुम्ही बटाटा, चावी, पगार म्हणता. हे शब्द पोर्तुगीजांचे ना? मग ते लिहिताना तुम्ही पोर्तुगीजांना विचारता का?" आणि शेवटी – "माझं चुकत असेल तर सांगा. बारा वर्षं झाली इथे येऊन. मीच विसरत असेन."

भाषांतर करणाऱ्याचं म्हणणं आलं की ते वर पाठवायचं, असा नियम होता. मी तो मेल डिलीट केला. तिला एक ओळ लिहिली, "खुणा केल्याप्रमाणे दुरुस्त करावे." पंधरा दिवसांनी टीम लीडनी विचारलं, हिला ठेवायचं का? मी – हो, मीच – म्हणाले, "तिची भाषा कच्ची झालीय." तिचं काम बंद झालं.

अजून आहे. पुढच्या वर्षी नव्या मुलांना शिकवताना मी तिचा तो बटाटा-चावी-पगाराचा दाखला माझा म्हणून सांगितला. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

गेल्या महिन्यात बुधवार पेठेत एका पुस्तकाच्या दुकानात लोर्ना भेटली. बरोबर तिची आठेक वर्षांची मुलगी. मला पाहून लोर्ना रागावली असती तर किती बरं झालं असतं! तिने माझा हात हातात घेतला.

"ताई, तुम्ही तेव्हा सांगितलंत ते बरं झालं हो. मी हिच्याशी जन्मापासून माझ्याच भाषेत बोलायचे. तुमच्या खुणा बघितल्या आणि बंद केलं. चुकीचं कशाला शिकवायचं? आता घरात सगळं मराठीच." मग म्हणाली, "तिकडून माझी आई फोन करते. हिला कळत नाही आजी काय बोलते ते. मी मध्ये बसून सांगते दोघींना."

दुकानात गर्दी नव्हती. मला कुठे जायची घाई नव्हती. "तुझं काहीच चुकलं नव्हतं, मला तुझी भाषा येतच नाही" – एवढंच म्हणायचं होतं. शेजारी मुलगी दुकानदाराला ठणकावत होती, "अहो काका, दुसरी वही दाखवा ना, हिचे कोपरे दुमडलेत."

"मराठी अगदी शुद्ध आहे हो हिचं," मी म्हणाले.

लोर्नाचा चेहरा खुलला. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," ती म्हणाली.