नानांच्या डिस्क आणि माझं खोटं

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

चाळीसगावला गेम पार्लर चालवणाऱ्या नानांनी जुन्या गेमच्या डिस्क जपायला माझ्याकडे दिल्या होत्या. मी कॉपी काढल्या, जागा वाचवायला कॉम्प्रेस केल्या आणि मूळ कॉपी उडवल्या. कॉम्प्रेस केलेली फाइल उघडते का, हे तपासलंच नाही. डिस्क तर चोपड्याला आमच्या ज्वारीत पाखरं हुसकायला टांगल्या.

आज नाना हौसेने त्यातला कार रेसचा गेम बघायला माझ्याकडे आले. एकही फाइल उघडेना.

मी म्हणालो, "नाना, तुमच्या डिस्कवरच चरे होते."

नाना ओशाळले. "मन्हीच चूक शे भाऊ. तुले उगाच तरास दिधा."

त्यांना बसस्टँडवर सोडलं, तरी खरं बोललो नाही. माफी मी मागायची होती, मागून गेले नाना. आता कोणत्या तोंडाने फोन करू?