सहदेवने पिंपाला बांधलेलं कापड

सहदेव परबने बावीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणलं. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. दोन वर्षं मिळेल ते काम केल्यावर तो अंधेरीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागला. वाकोल्याच्या त्यांच्या बैठ्या चाळीत नळाला पहाटे जेमतेम अर्धा तास पाणी. म्हणून त्याची बायको रुक्मिणी पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हळीखाली मोठं पिंप लावायची. कपडे, भांडी, अंघोळी, सगळं त्यावर निभायचं.

श्रावणात म्युनिसिपालिटीचा मलेरियावाला जयवंत दारात आला. पिंपात बॅटरी मारून म्हणाला, "वहिनी, हे बघा."

पाण्यात बारीक काड्या वळवळत होत्या.

"डासांची पिल्लं. आठवड्याभरात उडतील आणि तुम्हालाच चावतील." त्याने पिंपाला हात घातला.

"माजा पाणी ओतू नको हां, सांगान ठेवतंय!" रुक्मिणी ओरडली. पण पिंप तोवर आडवं झालं होतं.

संध्याकाळी सहदेवला चहाबरोबर ही सगळी हकिगत मिळाली, जयवंतच्या सात पिढ्यांसकट. त्याने पिंपावर गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी ते उजेडात धरलं आणि स्वतःच मान हलवली. डासच काय, माशी गेली असती त्यातून. मग जुन्या लेंग्याचं कापड बांधलं, तर वीण इतकी घट्ट की पाणी वरच्यावर वाहून गेलं. शेवटी त्याने फाटकी मच्छरदाणी काढली. चिमटीत धरून चोळली, दुहेरी केली, जाळीवर जाळी थोडी तिरकी बसवली आणि सायकलच्या ट्यूबने पिंपाच्या गळ्याला ताणून बांधली. मध्ये झोळ राहिला तर तिथेही पाणी साचेल, हे त्याच्या लक्षात होतं.

पुढच्या खेपेला जयवंतने जाळी सोडून आत बघितलं. परत काड्या!

"आता कुठून आले रे हे?" सहदेव चक्रावला.

जयवंतने पिंपाच्या बाजूला बोट दाखवलं. जादा पाणी जायला तिथे भोक होतं, चांगलं रुपयाएवढं.

सहदेव हसतच सुटला. "एकेक धागा बघण्यात जन्म गेला, आणि एवढं भोक दिसलं नाय!"

"त्यालापण जाळी लावा. आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात."

रुक्मिणीने शनिवार ठरवला. त्या दिवशी चादरी धुवायच्या, म्हणजे थेंबही वाया जात नाही. मग रिकामं झालेलं पिंप सहदेव काथ्याने खरवडून काढायचा.

तिसऱ्यांदा जयवंत आला तेव्हा त्याने बॅटरी बराच वेळ आत फिरवली. "झकास. एक नाय."

रुक्मिणी आत गेली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी शेजारची सुगंधा एक विरलेलं लुगडं घेऊन आली. "भावजी, हे चालेल का पिंपाला?"

सहदेवने ते दिव्यासमोर धरलं, दोन बोटांत फिरवलं. संपानंतर कापडाबद्दल त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"इथे विरलंय, हे नको. पदराकडचं घेऊ. थांब, मीच बांधून देतो," तो म्हणाला, आणि रुक्मिणीला हाक मारली. दोघं सुगंधाच्या पिंपाच्या दोन बाजूंना उभी राहिली.

"ताण गो," सहदेव म्हणाला. "अजून ताण."