पावाचा भाकरतुकडा

दार लागलं तेव्हा बाळ आत होतं, मी बाहेर होते आणि शेगडीवर दूध होतं.

मूठ दाबली. ती नुसतीच खालीवर झाली. खांद्याने ढकललं, काही हललं नाही. दाराच्या मध्यावर पत्रं टाकायची फट होती. गुडघ्यावर बसून तिचं झाकण उचललं तर आत गोधडीवर माझा महिन्याचा नातू दिसला. दाराच्या अगदी जवळ, तळपाय माझ्याकडे. हात घातला तर बोटंच आत गेली. माझ्या अंगात स्वेटर नव्हता, पायात काही नव्हतं, आणि फोन आत ओट्यावर होता.

त्याच सकाळी मी आयर्लंडला उतरले होते. मुलगी आणि जावई डब्लिनजवळ ल्यूकनला राहतात. करोनामुळे वर्षभर येणं लांबलं, बाळंतपणही माझ्याविना झालं. विमानात मी पहिल्यांदाच बसले, तेही एकटी. चांगले पाय असून व्हीलचेअर सांगितली होती, कारण मला इंग्रजी येत नाही. ढकलणारा माणूस बरोबर दारात नेऊन सोडतो. लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही वाटली. विमानात माणूस एकटं नसतं, सारखं कुणीतरी खायला घालत असतं.

घरी पोचले तर मुलगी तापाने फणफणलेली. टाक्यांत पू झाला होता. जावई तिला गाडीत घालून दवाखान्यात निघाला. जाताना म्हणाला, "आई, बाटली भरून ठेवलीय. रडला तर घ्या. बाकी काही करू नका."

मी बाकी केलंच. बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा उंबऱ्यात ओवाळायला कुणी नव्हतं, ते राहून गेलं होतं. तसं मी हे फार मानत नाही. पण लेक तापात आणि आपल्याला करण्यासारखं काही नाही, असं झालं की माणूस मानायला लागतं. चहाला दूध ठेवलं. भाकरी नव्हती, म्हणून पावाची चकती घेतली. बाळाला गोधडीवर दारापाशी निजवलं, दार उघडलं, पावाचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळलं. आमच्याकडे तो तुकडा उंबऱ्यातूनच बाहेर फेकतात. पण इथे समोर गवत इतकं नीट कापलेलं, की पाव टाकायची लाज वाटली. म्हणून रस्त्याच्या कडेपर्यंत गेले. तेवढ्यात वाऱ्याने दार लावलं. गावाकडे कडी आपण लावल्याशिवाय लागत नाही. इथलं दार स्वतःच कुलूप लावतं, हे मला कुठून माहीत असणार?

फटीतून करपल्याचा वास यायला लागला. बाळ रडायला लागलं. मी शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवलं. एक जाडजूड म्हातारा बाहेर आला. माझ्या तोंडाला मास्क नाही बघून मागे सरकला. मी त्याची बाही धरली. तो काहीतरी बोलत होता, मी मराठीत ओरडत होते. "आत पोर आहे! चल!"

फटीला डोळा लावल्यावर त्याला कळलं. त्याने बागेतला दगड उचलून दाराशेजारच्या काचेवर उगारला. मी आडवी झाले. काच पोराच्या अंगावरच पडली असती. खाली बोट दाखवलं, तेव्हा त्याने दगड टाकला आणि मला घराच्या मागे नेलं. तिथे फावड्याने स्वयंपाकघराची खिडकी फोडली. कडेच्या काचा झाडल्या, अंगातला कोट काढून चौकटीवर टाकला. मग खिडकीकडे पाहिलं आणि स्वतःच्या पोटाकडे. तो जाणार नव्हता.

मी गेले. लुगड्याला कासोटा होता म्हणून बरं. आत धूर भरला होता. पातेलं काळं पडलं होतं, शेजारी ठेवलेल्या फडक्याने पेट घेतला होता. ते नळाखाली टाकलं. शेगडीचं बटण कुठलं ते कळेना, म्हणून पातेलंच उचललं. हात भाजला. मग पोराला घेतलं, दार आतून उघडलं आणि दोघं बाहेर गवतावर बसलो. म्हाताऱ्याने आत जाऊन शेगडी बंद केली. परत येऊन अंगठा दाखवत "ग्रँड, ग्रँड" म्हणाला. ग्रँड कसलं, खिडकी फुटली होती.

जावई मुलीला दवाखान्यात ठेवून एकटाच परतला. खिडकी बघून स्वयंपाकघराच्या दारातच थांबला. झालं ते मी सांगितलं. "आई, दाराचं मी सांगायला हवं होतं."

"तुम्ही बायकोला घेऊन पळत होता, कधी सांगणार?"

त्याने मुलीला फोन लावून दिला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, स्लाइस ब्रेडचा भाकरतुकडा?"

"मग काय, पीठ मळत बसू?"

"हसवू नकोस गं, टाके दुखतात." आणि मग रडायला लागली. मी रडू दिलं.

ओवाळलं म्हणून पोर वाचलं, असं माझी जाऊ म्हणते. ओवाळायला गेले म्हणूनच ते आत अडकलं, हे ती सोडून देते. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. मला त्यातून काही काढता आलेलं नाही.

नातू वाचला. मुलगी आठवड्याने घरी आली. मीही आहे.