कल्ले मी उघडले, नाव टीचरचं

बायांनो, आज माझा जळफळाट झालाय, लपवत नाही.

दहावीतली नात इंग्रजीच्या निबंधासाठी शेजारच्या फिलू टीचरकडे जाते. आज रडत घरी आली. "आजये, टीचर म्हणतत, धड्यावर मत लिवलंस, पण पुरावो खंय आसा?"

मी चौथी नापास. म्हटलं, "गो, मासो शिळो म्हणान मी गप बसतंय? कल्ले उघडून मासेवालीक दाखवतंय. तसाच धड्यातला वाक्य काढून दाखव."

पोरीने तसंच लिहिलं.

संध्याकाळी टीचरसाठी घावणे घेऊन गेले. आत टीचर म्हणतायत, "आता कसं जमलं!" आणि आमची बया त्यांच्या गळ्यात पडून, "टीचर, तुमच्यामुळेच!"

मी उंबऱ्यावरूनच घावणे परत आणले. तुम्ही दिले असते? खरं सांगा.