शून्य चुकांचा वॉर्ड

कुसुमबाई गेल्याचं मला आमच्या दवाखान्याच्या लिफ्टवाल्याने सांगितलं. तेही सहज, मला माहीतच असणार असं धरून. वर वॉर्डात गेले तर सगळ्या सिस्टरांचे डोळे सुजलेले. मला पाहताच कुणी ट्रे उचलला, कुणी चादर झटकू लागली... ज्यांनी अकोल्याच्या या दवाखान्यात मेट्रन म्हणून अर्धं आयुष्य काढलं, ज्यांनी मला शीर शोधायला शिकवलं, ज्यांच्या खुर्चीवर मी आज बसते, त्या बाई पहाटे अमरावतीला भाचीच्या घरी वारल्या होत्या आणि ते मला कळवावं असं माझ्या एकाही सिस्टरला वाटलं नव्हतं. दुःख मागाहून झालं. आधी राग आला, हे लिहितानाही लाज वाटते.

आमची शेवटची भेट त्याच्या महिनाभर आधीची. भेटायला म्हणून गेले होते, पण खरं तर मला शाबासकी हवी होती. मी मेट्रन झाल्यापासून वॉर्डात एकाही चुकीची नोंद नाही, बैठकीत मोठे साहेब इतरांना माझं उदाहरण देतात, असं बरंच काही मी ऐकवलं. बाईंना बोलताना धाप लागत होती. संत्रं सोलता सोलता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुका बंद झाल्या, का सांगनं बंद झालं वो, सुनंदा?" मी हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, खुर्ची सुटली तरी बाईंना दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही. चहा अर्धा टाकून उठले.

बाई काही गोड स्वभावाच्या नव्हत्या. हिवरखेडच्या शेतकऱ्याची लेक, तोंडाने फटकळ. नवी पोरगी पहिल्याच आठवड्यात राजीनाम्याची भाषा करू लागे. पण ती जात मात्र नसे, आणि का जात नसे, हे मी एवढी वर्षं डोळ्यांनी पाहूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. वैशाली तेव्हा नवीनच लागली होती. घाईत तिच्या हातून एका आजोबांचं सलाईन फार जोरात सुटलं आणि त्यांना दम लागला. ती रडतच बाईंकडे धावली. बाईंनी सलाईन बंद केलं, आजोबांना उठवून बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. आजोबा सावरल्यावर डॉक्टर चिडून विचारू लागले, कुणी केलं हे? "आमच्याकडून झालं," एवढंच बाई म्हणाल्या. नाव शेवटपर्यंत दिलं नाही. मग आपल्या खोलीचं दार लावून वैशालीला अशी झापली की बाहेर आम्हीच मान खाली घालून उभ्या! आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच आजोबांचं सलाईन पुन्हा तिच्याकडेच दिलं. ज्या हातून चुकलं त्याच हाताला ते काम परत द्यायचं, ही त्यांची रीत. घरी जाताना आजोबा तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मला ही रीत ढिली वाटायची. माझ्या हाती कारभार आला तशी मी शिस्त लावली. चूक झाली की मेमो आणि त्याच दिवशी वॉर्डातून बदली. नियम सगळ्यांना सारखा. मी कुणावर आवाजसुद्धा चढवला नाही, आणि याचाही मला कोण अभिमान. सुरुवातीला थोडे मेमो द्यावे लागले, मग चुका थांबल्या.

तेरवीला आम्ही सगळ्याच अमरावतीला गेलो. पोरी एका गाडीने, मी दुसऱ्या. पंगतीत वाढता वाढता बाईंची भाची आमच्यापाशी थांबली. "तुमच्या पोरीईनं आत्याले लय जीव लावला वो," ती मला म्हणाली. "रोज कोना ना कोनाचा फोन. दम लागून राहिला असला तरी आत्या उचलेच." मी पोरींकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना पानात.

परतीच्या एसटीत मला वैशालीशेजारी जागा मिळाली. आज वॉर्ड चालतो तो तिच्या जिवावर. मूर्तिजापूर आलं. तेव्हा मी विचारलं, बाईंना फोन कशासाठी करायचात? खिडकीबाहेर बघतच तिने सांगितलं. गोळी याची त्याला गेली, इंजेक्शन जास्त भरलं गेलं, कुणाची शीर फुटली... सगळं. बाई आधी पेशंट कसा आहे ते विचारत, मग काय बघायचं आणि डॉक्टरांना ताबडतोब काय सांगायचं ते सांगत. फोन ठेवताना दर वेळी म्हणत, आता सुनंदाले सांग. पोरी 'हो बाई' म्हणत आणि फोन ठेवून देत.

म्हणजे मी त्यांच्यासमोर बसून माझं शून्य मिरवत होते, तेव्हा त्यांना माझ्या वॉर्डातली एकेक चूक ठाऊक होती. धाप लागलेली ती बाई अमरावतीच्या खाटेवरून माझे पेशंट सांभाळत होती. एकाही पोरीचं नाव तिने माझ्यापाशी काढलं नाही आणि मला घालूनपाडूनही बोलली नाही. एक साधा प्रश्न विचारला, तर मी चहा टाकून उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परवा एकाले दुसऱ्याचंच इंजेक्शन जाता जाता राहिलं," वैशाली म्हणाली. "नशीब म्हना. पन उद्या खरंच गेलं, तं आमी आता कोनाले सांगाव, मॅडम?"

कुणाच्या हातून, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. "मला सांग," मी म्हणाले.

वैशालीने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. "हो, मॅडम," ती म्हणाली... बाईंना फोनवर 'हो बाई' म्हणत असणार, अगदी तसंच.